लुक्काच्या जिन्यावर बाबांचे बूट

निघताना

इटलीला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला, "तिथे स्वयंपाकघर आहे ना?" म्हणून हॉटेल न घेता आम्ही फ्लॅट घेतला. चार शहरं धावत बघायची नाहीत, एकच गाव आणि एकच घर, एवढी माझी अट होती. नकाशा चाळता चाळता लुक्का सापडलं. जुनं गाव, भोवती अखंड तटबंदी, आणि तटाच्या माथ्यावर झाडं लावून केलेला फिरायचा रस्ता.

"गावाला कुंपण आहे," मी आईला सांगितलं.

"मग ठीक," ती म्हणाली. आम्ही दोघीही कुंपणाच्या आत बऱ्या असतो.

आम्ही सिंगापूरला चोआ चू कांगमध्ये राहतो. इथल्या सरकारी वसाहतींत चपला-बूट दाराबाहेर ठेवायची पद्धत आहे. लांबलचक सामाईक कॉरिडॉर, प्रत्येक दाराशी एक रॅक, आणि कुणी कुणाच्या बुटांना हात लावत नाही. आमच्या रॅकवर वर माझे सँडल, मधे आईच्या चपला आणि सगळ्यांत खाली बाबांचे सेफ्टी शूज. बाबा जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये इंजिनिअर होते. पुढे लोखंडी टोपी असलेले ते जाड काळे बूट घालून ते पहाटे कंपनीची बस पकडायचे. निघताना कॉरिडॉरमध्ये दोनदा टाच आपटायचे, पाय नीट बसावा म्हणून. शेजारच्या मिसेस टान इथल्या इंग्रजीतला 'लाह' शेवटी जोडून आईला म्हणायच्या, "युवर हजबंड इज माय अलार्म क्लॉक, लाह."

बाबा गेल्याला वर्ष होऊन गेलं. हे वाक्य इथे लिहिलं, पण घरात आम्ही दोघींनी ते एकमेकींशी एकदाही बोललेलं नव्हतं. बूट जागेवरच होते. आई दर शनिवारी ते पुसून पुन्हा तिथेच ठेवायची. "दोघी बायकाच राहतो. दाराशी पुरुषाचे बूट दिसलेले बरे," असं एकदा म्हणाली. इथे आपल्याला कसली भीती, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. मी शाळेत इंग्रजीतून गप्प बसायला शिकले आणि घरी मराठीतून.

चांगी विमानतळावर तिची बॅग काट्यावर ठेवली आणि मी आकडा बघून दचकले.

"काय भरलंयस एवढं?"

"भाजणी, मेतकूट. थोडं थोडं सगळं," आई दुसरीकडे बघत म्हणाली.

तिसरा मजला

घरमालकीण फ्रांचेस्का आमची वाट बघत दरवाजात उभी होती. माझ्याहून थोडी मोठी, बोलण्याचा वेग आमच्या स्टेशनवरच्या सरकत्या जिन्याइतका. लिफ्ट नव्हती. दगडी जिना इतका जुना की प्रत्येक पायरी मधोमध खोलगट झालेली. आई भिंतीला हात लावत, दर मजल्यावर थांबत चढली आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर म्हणाली, "घर चांगलंच असणार. एवढं चढवलंय म्हणजे."

चांगलंच होतं. छताला काळपट लाकडी तुळया, खाली विटकरी लाद्या, खिडक्यांना हिरव्या झडपा. खालच्या चौकात लिंबाची झाडं कुंड्यांमधून उभी. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी होती, ती कप्पीवरून समोरच्या भिंतीपर्यंत जायची. आमच्याकडे खिडकीतून बांबू बाहेर काढतात आणि बांबू निसटून खाली कुणाच्या डोक्यात पडेल या भीतीने आईचा जीव वर्षानुवर्षं टांगलेला असतो. तिने कप्पी पुढे-मागे ओढून पाहिली. "हे बघ, किती सोपं," ती म्हणाली आणि पहिल्या दिवशीच तिथे आमचे दोन टॉवेल वाळायला लागले.

फ्रांचेस्का इंग्रजीतून सूचना देत होती. कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत काय टाकायचं, कुठली पिशवी कुठल्या वारी खाली न्यायची, गॅसचा खटका कुठे, झडपा वाऱ्यात कशा अडकवायच्या, जिन्यात काय ठेवायचं, काय नाही. समोरच्याने एवढ्या मनापासून सांगितलं की मला त्याला थांबवता येत नाही. मी प्रत्येक वाक्याला "येस, येस" करत राहिले. निम्मं डोक्यावरून गेलं.

संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरून पाव, टोमॅटो आणि चीज आणलं. आईने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि चावायची थांबली.

"मीठ विसरलेत."

"इकडे पावात मीठ घालतच नाहीत."

"असं कसं? आजारी माणसाचं खाणं आहे का हे?" तिने पावावर ऑलिव्हचं तेल ओतलं, वर मेतकूट भुरभुरवलं, आणि मग आम्ही दोघींनी अख्खा पाव संपवला. फार चविष्ट लागतं, कुणी जाणार असेल तर नक्की करून बघा.

जेवण झाल्यावर तिने बॅगेच्या तळातून सुपरमार्केटच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाबांचे सेफ्टी शूज.

"आई!"

"ओरडू नकोस. परकं गाव, परका जिना. दोघीच आहोत."

"एवढे जड बूट तू इटलीत आणलेस?"

"तू ते केस सरळ करायचं मशीन आणलंस. मी काही बोलले?"

तिने दार उघडलं, बूट पायपुसण्याशेजारी जोडीने ठेवले, एक जरा तिरका होता तो सरळ केला आणि कडी लावली. मी भांडी विसळत राहिले.

शुक्रवार

सकाळी दूध आणायला म्हणून मी दार उघडलं. पायपुसणं होतं. बूट नव्हते.

मी एक मजला खाली जाऊन पाहिलं, वर गच्चीच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं. परत आले तर आई उंबऱ्यात उभी होती. तिने माझे रिकामे हात पाहिले. आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. चहाचं आधण तसंच खळखळत होतं आणि ती उठून त्यात चहा टाकेना. सकाळचा चहा न टाकलेली आई मी फक्त दवाखान्यातल्या त्या आठवड्यात पाहिली होती. तेव्हा मला कळलं की हे बूट मला आज शोधून आणायलाच हवेत. गॅस बंद केला आणि "आलेच" म्हणून बाहेर पडले.

सिंगापूरमध्येही मी कुणाची बेल वाजवत नाही, खालून मेसेज करते. इथे मला दुसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर उभं राहून श्वास घ्यावा लागला. पितळी पाटीवर दोन नावं होती, आल्दो आणि पिया. मी बेल दाबली.

दार उघडणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या तरी असतील. पांढरे केस नीट बसवलेले, कमरेला एप्रन. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. गडबडीत मी अनवाणीच खाली आले होते. त्यांनी हात जोडून वर छताकडे पाहिलं, मला आत ओढलं, आणि कुठूनशा लोकरी सपाता आणून माझ्यासमोर टाकल्या. गार लादीवर अनवाणी चाललं की पोटात थंडी शिरते, असं त्यांनी स्वतःच्या पोटावर हात मारून मला समजावलं. इकडे लोक घरातही बूट-सपाता घालून वावरतात आणि अनवाणी माणसाला रागावतात. आमच्या घरी नेमकं उलटं असतं.

मी फोन काढला. मी इंग्रजीत टाइप करायचं आणि फोनमधली बाई ते इटालियनमध्ये मोठ्याने बोलणार.

"आमच्या दाराबाहेरचे काळे बूट तुम्ही पाहिलेत का?"

पियाआजींचा चेहरा उजळला. त्या फोनमध्ये वाकून ओरडून बोलायला लागल्या, आणि फोनमधली बाई मला शांतपणे सांगायला लागली: हो तर, मीच नेले. किती छान, किती मजबूत बूट! महिन्यातून एका शुक्रवारी सगळे शेजारी जुने कपडे आणि बूट दाराबाहेर ठेवतात, मी ते गाडीत घालून चर्चमध्ये गरजूंसाठी पोचवते. पाहुण्यांनीसुद्धा ठेवलं म्हणून मला आज फार आनंद झाला.

फ्रांचेस्काच्या सूचनांमध्ये शुक्रवार असा शब्द आला होता, हे मला तेव्हा आठवलं. त्यावरही मी "येस, येस" म्हटलं होतं.

पाठीमागे आई येऊन उभी होती. मी तिला सांगितलं, मग आजींना सांगितलं की ते द्यायला ठेवले नव्हते. आमच्याकडे बूट बाहेरच असतात. आजींनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि मटकन खुर्चीवर बसल्या. त्यांना इतकं वाईट वाटलं की मला काहीतरी बोलून ते हलकं करावंसं वाटलं. मी पाटीवरचं नाव आठवून टाइप केलं, "आल्दोआजोबा आम्हाला चर्चचा रस्ता दाखवतील का? तुम्ही त्रास घेऊ नका."

आजी हसल्या. फोनमधली बाई म्हणाली, "आल्दो मरून पुष्कळ वर्षं झाली. पाटी मी काढली नाही. जिन्यातून जाणाऱ्याला वाटू दे, घरात पुरुष माणूस आहे."

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी बोलली. "बघ. मी एकटीच वेडी नाही."

आजींनी एप्रन सोडला, ओठांना लिपस्टिक लावली, मोत्याच्या कुड्या घातल्या, आणि आईच्या दंडात हात अडकवून निघाल्या. गुडघे दोघींचेही दुखरे, त्यामुळे चाल छान जुळली. मी मागून. वाटेत तो प्रसिद्ध लंबगोल चौक लागला. पूर्वी तिथे रोमन लोकांचं रिंगण होतं. पुढे माणसांनी त्याच्याच भिंतींवर घरं बांधली, म्हणून सगळ्या इमारती गोल वळून उभ्या आहेत. मी फोटो काढला नाही. आजी इटालियनमध्ये बोलत होत्या, आई मराठीत "हो ना" म्हणत होती आणि दोघींचं बरं चाललं होतं.

चर्चच्या मागे एक लांब दालन होतं. टेबलांवर कपड्यांचे ढीग, दोन बायका घड्या घालत होत्या, आणि भिंतीपाशी बाकावर एक माणूस बसून बाबांचे बूट घालायचा प्रयत्न करत होता.

चाळिशीचा असेल, दाढी बारीक कापलेली. उजवा बूट चढला होता. डाव्यात पाय अर्धा गेला होता आणि तो टाचेखाली बुटाची मागची बाजू दाबत होता.

पियाआजींनी धावत जाऊन त्या बायकांना भराभर काहीतरी सांगितलं. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी मी नेहमी आईच्या मागे जाते. आज आई माझ्या मागे होती. मी फोनवर लिहिलं, हे माझ्या वडिलांचे बूट आहेत. फोनमधल्या बाईने ते खणखणीत आवाजात सांगितलं.

घडी घालणारी एक बाई हसून काहीतरी म्हणाली. फोनने मला सांगितलं, "मग वडील कुठे आहेत? बिचारे अनवाणी फिरताहेत का?"

ती चांगल्या मनाने विचारत होती. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. ऑफिसमध्येसुद्धा मी एवढंच कळवलं होतं की घरी अडचण आहे, रजा हवी आहे. मग बटण दाबलं.

"माझे वडील वारले," फोनमधली बाई म्हणाली. हवामान सांगावं तशा स्वच्छ, आनंदी आवाजात.

आईला इटालियन येत नाही, पण तिने एकेक चेहरा पाहिला आणि मग माझा पाहिला.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"हो."

"बरं केलंस."

बाकावरचा माणूस घाईघाईने लेस सोडायला लागला. "सॉरी, मॅडम, सॉरी," तो आईला म्हणाला. बूट काढायला म्हणून त्याने डाव्या टाचेवर आणखी जोर दिला, आणि आई एकदम पुढे झाली.

"अहो, टाच मोडू नका! बूट जाईल कामातून!"

मराठीतच. तो जागच्या जागी थिजला. आई त्याच्यासमोर खाली बसली, गुडघ्यांचं सगळं विसरून. "आधी लेस पूर्ण सैल करायची. अशी. जीभ पुढे ओढायची. आता घाला पाय. घाला हो, लाजताय काय?" तिने हाताने दाखवलं, त्याने केलं. डावा बूट बसला. आईने स्वतः गाठ मारली नाही, पण तो मारत असताना नजर काढली नाही. "आता उभे राहा आणि टाच आपटा. आपटा, आपटा." तिने आपली चप्पल लादीवर आपटून दाखवली.

तो उभा राहिला आणि त्याने दोनदा टाच आपटली.

दगडी दालन होतं, आवाज घुमला. मी खिडकीकडे बघत राहिले. आई अजून खालीच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

माणसाचं नाव यूसुफ होतं. मोरोक्कोहून आलेला. पियाआजींकडून आणि फोनकडून कळलं की गावाबाहेरच्या कागदाच्या कारखान्यात सोमवारपासून त्याचं काम सुरू होतंय. तो पुन्हा बाकावर बसला, दोन्ही बूट काढले, लेसच्या टोकांची आत घडी केली आणि दोन्ही हातांनी आईसमोर धरले.

आईने ते घेतले. आत हात घालून तळवा चाचपला. आता ती ते पिशवीत घालेल म्हणून मी पिशवी उघडूनही धरली. तिने बूट बाकावर ठेवले, त्याच्या बाजूला, जोडीने. एक जरा तिरका होता तो सरळ केला.

"त्याला सांग, डावा सुरुवातीला लागतो. जाड मोजे घालायचे."

"आई, नक्की?"

"बसले ना त्याला? मग सांग."

मी सांगितलं. यूसुफने छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली.

तटावर

परतताना आजी घरी गेल्या आणि आम्ही दोघी तटावर चढलो. वर चांगला रुंद रस्ता आहे, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, सायकलवाले, कुत्री, बाकांवर म्हातारे. एका हाताला गावाची कौलं, दुसऱ्या हाताला लांब निळसर डोंगर. एका उंच बुरुजाच्या डोक्यावर चक्क झाडं वाढलेली दिसतात. आईला ती शेवटपर्यंत पटली नाहीत. "मुळं कुठे जात असतील?" ती दर वळणावर विचारायची.

मधेच म्हणाली, "त्यांना तो डावा पहिल्यापासून लागायचा. कंपनीकडून बदलून मिळत होता. म्हणे, असू दे, सवय झाली."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कुठे काय सांगायचे ते. तू झोपलेली असायचीस." मग थोडी पुढे जाऊन, "विचारत जा की. मी काही मोडून पडणार नाही."

मग मी विचारलं. तटाची प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. ते मी इथे लिहीत नाही.

खपली

संध्याकाळी पियाआजी झाकणाचं पातेलं घेऊन आल्या. दारात थांबून त्यांनी "पेर्मेसो" म्हटलं, म्हणजे आपलं "येऊ का?" पातेल्यात तिकडचं प्रसिद्ध फार्रोचं सूप होतं. आईने चमच्यातला एक दाणा दातांखाली धरला आणि डोळे मोठे केले.

"अगं, ही तर खपली!"

आईचं माहेर सांगलीचं. तिथे खपली गव्हाची खीर करतात, ती तिने सिंगापूरला आल्यापासून केली नव्हती, कारण खपली मिळत नव्हती. ती लुक्कात प्रत्येक किराणा दुकानात काचेच्या बरणीत बसली होती. शनिवारी आम्ही पिशवीभर आणली. गूळ नव्हता म्हणून तांबडी साखर, नारळाचं दूध डब्यातलं. अर्धा दिवस शिजत होतं. आजींनी दोन वाट्या खाल्ल्या आणि फोनमध्ये ओरडल्या. फोनमधली बाई म्हणाली, "मी आयुष्यभर हे मीठ घालून खाल्लं. मला कुणी सांगितलं का नाही?"

"पावात घालायचं मीठ इथे वापरतात होय," आई मला हळूच म्हणाली.

उरलेले दिवस आमच्या दाराबाहेर नुसतं पायपुसणं होतं. निघताना आजींनी मला त्या लोकरी सपाता देऊन टाकल्या.

घरी

चोआ चू कांगला रॅकच्या खालच्या फळीवर दोन बुटांच्या आकाराची स्वच्छ जागा होती आणि तिच्याभोवती धूळ. आईने फळी पुसली. मिसेस टान कुंडीला पाणी घालत होत्या, त्यांचं लगेच लक्ष गेलं.

"एह, अंकल्स शूज व्हेअर?"

"इटली," आई म्हणाली. "गॉट जॉब."

मिसेस टाननी आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना बघते तर खालच्या फळीवर पुरुषाच्या मोठ्या निळ्या रबरी चपला. टान अंकलच्या. जोडीने, अगदी सरळ ठेवलेल्या. म्हणजे एवढे दिवस ते बूट तिथे कशासाठी आहेत, हे मिसेस टानना माहीत होतं.

मी आईला बोलावलं. ती बघत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग चपला उचलून शेजारच्या दाराशी गेली. मी सँडलचा पट्टा लावत वाकले होते, पण कॉरिडॉरमध्ये सगळं ऐकू येतं.

"थँक्यू, मिसेस टान. बट नो नीड, लाह," आई सांगत होती. "माय डॉटर इज देअर, नो?"

मी पट्टा लावला. लिफ्टकडे जाता जाता, कुणी बघत नाही असं पाहून, दोनदा टाच आपटली.